लूर्दला जायचं कशाने

शुक्रवार, ३ फेब्रुवारी १९८४

माझा डावा पाय ऑगस्टमध्ये फ्रान्सला जाणार आहे. तो मला जोडलेला असल्यामुळे मलाही जावं लागेल असं दिसतं!

आज शुक्रवारची सुट्टी; चर्चमधून मिस्साहून आल्यावर जेवताना दादाने जाहीर केलं. "आपण मार्सूला लूर्दला नेतोय." माझा घास तोंडात. बेनिटावहिनीने लगेच क्रूस केला — म्हणजे नवराबायकोचं आधीच ठरलेलं. मला कोणी विचारलं? नाही. पायाला विचारलं असेल कदाचित.

लूर्द म्हणजे फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, डोंगराच्या पायथ्याचं गाव. तिथे मारियामातेने दर्शन दिलं, झरा लागला, त्या पाण्यात उतरून आजारी लोक बरे होतात. गावी, नंदाखालच्या आमच्या घरात त्याची तसबीर आहे. आई मला तिच्यासमोर बसवायची आणि वर बघून म्हणायची, "हिचं कायतरी कर." तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला, आता मी सदतीस. 'कायतरी' अजून वाटेत आहे.

खरं सांगायचं तर पायाचं आणि माझं आता बरं चाललंय. लोखंडी कॅलिपर, जाड तळाचा बूट, टक्-घस्स, टक्-घस्स. ऑफिसात मी येते आहे हे आधीच कळतं आणि लोकांच्या चहाड्या बंद पडतात, एवढाच काय तो तोटा. पण घरात एक लंगडी माणूस असली की बाकीच्यांना पुण्य करायची सोय होते. ती सोय मी दहा वर्षं बिनबोभाट पुरवते आहे.

शनिवार, ४ फेब्रुवारी

अकीलाला सांगितलं. अकीला आमच्या ऑफिसातली टायपिस्ट, इथलीच, या आखाती बेटावरच्या मुहर्रकची. माझं हिंदी तिला पुरतं कळतं, तिचं अरबी मला अर्धं. ती म्हणाली, "पाय बरा झाला तर तू या खुर्चीत बसशील का? पळून जाशील. नको नेऊ त्याला." मग स्वतःच खो खो हसली. एवढं सरळ बोलणारं माणूस आमच्या घरात एकही नाही.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

पॅरिसपर्यंत विमान. त्यावर वाद नाही — कारण विमान कोणी चालवायचं ते दादाच्या हातात नाही. तिथून लूर्दपर्यंत सबंध फ्रान्स आडवा पडलाय, आणि त्यावरून घरात दोन पक्ष पडलेत.

दादा म्हणतो, पॅरिसला मोटार भाड्याने घेऊ. मी चालवतो. खेड्यापाड्यांतून जाऊ, वाटेल तिथे थांबू, चीज खाऊ. चीज म्हणताना त्याने हवेत सुरी फिरवली. या माणसाने आयुष्यात निळ्या डब्यातल्या चीजखेरीज दुसरं चीज पाहिलेलं नाही!

वहिनी म्हणते, ट्रेन. फादर म्हणालेत, पॅरिसहून आजाऱ्यांसाठी यात्रेची खास ट्रेन असते. झोपायला पलंग, सेवेला माणसं, सोबत डॉक्टर, डब्यात रोझरीचा जप. थेट लूर्दच्या दारात.

दादाला लायसन्स मिळून अकरा महिने झाले. चौथ्या टेस्टला मिळालं. शिकवलं आमच्या ऑफिसच्या ड्रायव्हरने — दत्ताराम, राजापूरकडचा, आम्हा बायकांना रोज घरून अदलियाला ऑफिसात आणतो. त्याला विचारलं, कसा चालवतो रे माझा भाऊ? रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "ताई, चालवतात बरे. फक्त रिव्हर्स घेताना डोळे मिटतात."

शिवाय दादा सित्राला स्टोअरकीपर. रोज कंपनीच्या बसने जातो-येतो. त्याची डॅटसन आठवडाभर हूऱ्यात आमच्या बिल्डिंगखाली चादर पांघरून झोपलेली असते. शुक्रवारी तिला आंघोळ. आणि चालवणार तरी कुठे? इथे तासभर सरळ गेलं की बेट संपतं!

"फ्रान्समध्येपण इथल्यासारखं उजवीकडूनच चालवतात," दादा मला तीनदा म्हणाला. जणू तेवढंच एक अडत होतं.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

अकीलाने विचारलं, ट्रेनमध्ये संडास असतो का? तिने जन्मात ट्रेन पाहिलेली नाही. कुठे पाहणार — या देशात ट्रेन मफी, म्हणजे नाहीच. मी म्हटलं असतो. ती म्हणाली, "मग ट्रेन." अजून कोणी इतका मुद्द्याचा विचार केलेला नाही.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

आमचे साहेब, मिस्टर पेंडल्टन, तरुणपणी फ्रान्समध्ये राहिलेले. विचारावं म्हटलं. साहेब म्हणाले, ट्रेनच. फ्रेंच लोक वेड्यासारख्या मोटारी हाकतात. तेवढ्यात मॅडमचा फोन आला, मी जोडून दिला. साहेबांनी उत्साहात विषय काढला. मॅडम म्हणाल्या, छे, मोटारच! मग पंधरा मिनिटं दोघं फोनवर कडाकडा भांडले. एकोणीसशे अठ्ठावन्न सालचं काहीतरी निघालं, एक चुकलेलं स्टेशन, एक बॅग. टेलिफोन ऑपरेटरने ऐकायचं नसतं. मी ऐकलं.

फ्रान्सचा प्रश्न काढला की नवराबायको भांडतात. आमच्याच घरात असं नाही तर.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

दादाने नकाशा आणला. उघडला तेव्हा जेवणाच्या टेबलाएवढा. घडी घालता येईना म्हणून तसाच राहिला. त्यावरच जेवलो. बांगड्याच्या कालवणाचा डाग पडला तो नेमका पॅरिसच्या खाली. दादाने बोट फिरवत गावं वाचली — "ओर्लेन्स... लिमोगेस... काहोर्स..." मी म्हटलं, दादा, साहेब लिमोज म्हणतात. दादा म्हणाला, "साहेब इंग्लिश आहेत, त्यांना काय कळतं!"

वहिनी नकाशाकडे बघतही नव्हती. वाढत होती. एकदाच म्हणाली, "रस्त्यात पाय दुखला हिचा तर?"

"थांबू. म्हणून तर मोटार."

"आणि पोचलो की? तू मोटार लावायला जागा शोधत फिरणार?"

दादाने एकदम नकाशा गुंडाळला. गुंडाळला म्हणजे चुरगळला. हात धुवायला उठला तो ताट अर्धं टाकून. कमाल आहे — मोटार लावायच्या जागेवरून एवढा राग!

बुधवार, ७ मार्च

राखेचा बुधवार. ईस्टरपर्यंतचे उपासाचे चाळीस दिवस वाद बंद, असं दोघांनी कबूल केलं. संध्याकाळच्या चहापर्यंत टिकलं.

शुक्रवार, १६ मार्च

दोघांनी शेवटी आईला लिहिलं होतं — तू सांगशील तसं. आज उत्तर आलं. आईने शेजारच्या मुलीकडून लिहवून घेतलंय. अर्धं पत्र चिकू आणि केळीबद्दल, चौथाई आत्याच्या कंबरेबद्दल, आणि शेवटी निकाल: "मार्सेलिनाला गाडीनेच न्यावे, ते बरे. पाणी बाटलीत भरून आणावे."

गाडीनेच!

दादा टाळी वाजवून उठला. "बघ! मोटार!" वहिनी म्हणाली, "आईंच्या तोंडी गाडी म्हणजे आगगाडी. मोटारीला त्या टॅक्सी म्हणतात." दादा म्हणाला, "टॅक्सीला टॅक्सी म्हणते, मोटारीला गाडीच म्हणते." मग दोघं माझ्याकडे वळले. मी म्हटलं, आईला बैलगाडी म्हणायचं असेल. कोणी हसलं नाही.

मंगळवार, २० मार्च

ट्रेनचा फॉर्म आला. फादरनी मागवून घेतला, वहिनीने ड्यूटीवरून येताना आणला. (वहिनी नर्स आहे. तिच्या हातातला कुठलाही कागद केसपेपरसारखा दिसतो.) मी वाचला.

रुग्णाचं नाव. रुग्णाचा आजार. किती काळापासून. रुग्ण बसून प्रवास करील की झोपून. रुग्णाला भरवावं लागतं का. रुग्णाला स्वतःचं नाव सांगता येतं का.

दिवसातून तीनशे वेळा मी फोनवर ऑफिसचं नाव सांगते. इंग्रजीत, हिंदीत आणि अकीलाच्या कृपेने अरबीत. माझं नाव मला सांगता येतं.

पुढे लिहिलंय, रुग्णाच्या गळ्यात बिल्ला राहील, तो प्रवासभर काढू नये. सेवेकरी रुग्णाला खुर्चीतून उतरवतील, चढवतील, नेतील. सोबत कुटुंबातली दोन माणसं — 'सोबती'.

म्हणजे मी पार्सल. पत्ता गळ्यात. वहिनीला म्हटलं, मी याच्यावर सही करणार नाही. ती म्हणाली, "नावालाच गं रुग्ण." मी म्हटलं, नावालाच असेल तर तुझं घाल.

तिचा चेहरा असा झाला की मीच उठून चहा ठेवला. फॉर्म तिने नीट घडी करून कपाटात ठेवला. आता विचार करते, एवढं काय लागलं तिला?

शुक्रवार, ३० मार्च

फ्रान्सचा सराव! दादाची कल्पना. बेटाच्या दक्षिणेला जायचं, जेबेलच्या, म्हणजे इथल्या डोंगराच्या बाजूने, परत यायचं. मी पुढे, वहिनी मागे रोझरी घेऊन. दादाने नवा गॉगल लावलेला.

रिफापर्यंत ठीक. मग वाळवंट लागलं, तेलविहिरींचे पंप मान हलवत उभे. दादा म्हणाला, "समजा, ही द्राक्षांची शेतं." समजलो. पुढे बकऱ्यांचा कळप आला. "समजा, फ्रेंच मेंढ्या." हॉर्न दिला. बकऱ्या इथल्याच असल्यामुळे हलल्या नाहीत. दादाने रिव्हर्स घेतला. मी मुद्दाम बघितलं — डोळे खरंच मिटतो! मागचा दिवा एका कुंपणाला लागून फुटला. कुंपणाच्या मालकाने बाहेर येऊन बघितलं, त्याच्या कुंपणाला काही झालं नव्हतं, म्हणून तो आम्हाला खजूर देऊन आत गेला.

खजूर खात बसलो. वारा होता, अजून उकाडा सुरू झालेला नाही. दादा दिव्याच्या काचा वेचत होता आणि गुणगुणत होता. किती दिवसांनी ऐकलं! वहिनी त्याच्याकडे बघत होती. मला वाटलं आता हसेल, आता चिडवेल. बघतच राहिली. मग म्हणाली, "कॉर्नेलियस, काच लागेल हाताला."

शनिवार, ३१ मार्च

मी माझं मत दिलं. मोटार. गळ्यात पाटी घालून जिवंत पोचण्यापेक्षा दादाच्या शेजारी बसून लिमोगेसच्या खड्ड्यात पडेन. जेवताना मोठ्याने सांगितलं. दादाने मला माशाच्या दोन तुकड्या जास्त वाढल्या. वहिनी काही बोलली नाही.

गुरुवार, ५ एप्रिल

वहिनी अजून बोलत नाही. डबा भरून देते, त्यात लोणचंसुद्धा आठवणीने घालते, आणि बोलत नाही. असं रागावणं नर्सेसनाच जमतं.

शुक्रवार, २० एप्रिल

गुड फ्रायडे. उपास. चर्चमधून तीनला आलो. दादा आडवा झाला. मी स्वयंपाकघरात पेज घ्यायला गेले. वहिनी ओट्याशी उभी, हातात तोच फॉर्म.

"मार्सेलिना, यावर सही कर."

मी म्हटलं, वहिनी, आज तरी नको. हात जोडते. माझा पाय बरा होणार नाही हे तुला नर्स म्हणून माझ्यापेक्षा जास्त कळतं.

"कळतं," ती म्हणाली. "पायासाठी नाहीच आहे ते."

मग बसली. जमिनीवरच, ओट्याला पाठ लावून. वहिनीला अशी बसलेली मी कधी पाहिली नाही. म्हणाली, "चौदा वर्षं झाली आमच्या लग्नाला. मूल नाही म्हणून कोणी मला बोललं नाही — तू नाही, आई नाही. पण नवससुद्धा करता आला नाही मला. काय सांगून जाऊ लूर्दला? सगळ्या गावात होईल. कॉर्नेलियसला तो विषय काढलेला चालत नाही, उठून जातो. तुझ्या नावाने निघालो तर कोणी काही विचारणार नाही. मी सोबती. सोबत्यांनाही पाण्यात उतरू देतात. मी विचारून घेतलंय."

मी उभीच. पेजेचा वाडगा हातात.

"मोटारीने का नको?" एवढंच सुचलं मला.

"मोटारीने गेलो तर फिरणं होईल, यात्रा नाही होणार." आणि मग अगदी हळू, "मी तुझा पाय वापरला. राग आला असेल तर बोल."

राग? अडीच महिने मी या वहीत बसून तिची टिंगल करते आहे. माझ्या पायावरून एवढा गाजावाजा म्हणून मिरवत होते! आणि पाय बिचारा नुसता दारावर उभा, आत कोणाचं काय चाललंय त्याचा पत्ताच नाही त्याला.

तिच्याजवळ खाली बसता येत नाही मला कॅलिपरमुळे. वाकून डोक्यावर हात ठेवला. ती म्हणाली, "कॉर्नेलियसला यातलं बोलू नकोस."

रविवार, २२ एप्रिल

ईस्टर. इथे रविवारी ऑफिस असतंच. फॉर्म सोबत नेला होता. आजार: पोलिओ. किती काळापासून: चौतीस वर्षं. बसून. स्वतःचं नाव सांगता येतं का: हो, आणि तुमचंही विचारता येतं. मग शेवटचे चार शब्द खोडले. वहिनीचं काम आहे, उगाच बिघडायला नको.

सही केली. मार्सेलिना लोपीस, रुग्ण. अकीला खांद्यावरून बघत होती. "इतकी कशी बदललीस?" मी म्हटलं, संडास असतो ना.

शुक्रवार, २७ एप्रिल

दादाला कळलं. भडकला! "तूच म्हणालीस ना गळ्यात पाटी नको? तूच ना?" मी म्हटलं, मत बदललं. "का?" काय सांगणार! म्हटलं, तुझ्या रिव्हर्समुळे. तो इतका दुखावला की मला माझीच जीभ चावावीशी वाटली. नकाशा उचलून कपाटावर फेकला. धुळीसकट परत खाली आला.

शुक्रवार, ४ मे

आज जे झालं ते लिहावं की नाही कळत नाही. लिहिते. दुसरं कुठे ठेवू?

दुपारी जेवणं झाल्यावर दादा म्हणाला, "चल मार्सू, चक्कर मारू." वहिनी ड्यूटीवर. सित्राच्या पुलापलीकडे त्याने गाडी बाजूला घेतली, समुद्राकडे तोंड करून. इंजिन बंद केलं. भरदुपार, काच खाली, गरम वारा. मला वाटलं ट्रेनवरून बोलणार.

"बेनिटाने तुला सांगितलं ना काहीतरी?"

मी समुद्राकडे बघायला लागले.

"मूल हवंय तिला. लूर्द त्यासाठीच. मला कळत नाही असं वाटतं तुम्हा दोघींना? मीच नाही कळल्यासारखं केलं. तुझ्या पायाचं नाव काढलं तिने, मी हो म्हटलं. बरंच वाटलं मला. म्हटलं फिरवून आणू दोघींना, मोटारीने, मजेत. आणि तिथे पोचलो की तुम्ही जाऊन या म्हणेन, मी गाडीपाशी थांबतो."

"का थांबणार?"

स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसला होता, चालवत असल्यासारखा.

"दोष माझ्यात आहे, मार्सू. एकोणीस वर्षांचा असताना गालगुंड झालं होतं बघ, आठवतं? वर्षभर बाबा मला डॉक्टरकडे नेत होते. त्यानेच झालं. इथे एकोणऐंशी साली मी गुपचूप तपासून घेतलं. तिच्या हॉस्पिटलमध्ये नाही, हूऱ्यात एका खाजगी डॉक्टरकडे. तो म्हणाला, होणार नाही. कधीच नाही." मग म्हणाला, "पाच वर्षं झाली. मी तिला सांगितलं नाही. ती स्वतःला दोष देते, मी ऐकून घेतो. आता ती त्या थंड पाण्यात उतरणार, आणि ट्रेनच्या रांगेतून मलाही नेऊन शेजारी पुरुषांच्या बाजूला उभं करणार. बघत राहू मी?"

त्याचे डोळे मिटलेले होते.

मला आधी दया आली. मग राग आला — आणि तोच जास्त वेळ टिकला. पाच वर्षं! मी म्हटलं, दादा, तू तिला सांग. महिना संपायच्या आत सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन.

"सांगतो," म्हणाला. "इंशाल्ला."

इंशाल्ला! स्टोअरमध्ये नसलेला माल मागायला आलेल्या माणसाला देतो ते उत्तर!

सोमवार, ७ मे

सांगितलेलं नाही. वहिनीने तीन स्वेटर विणायला घेतलेत. डोंगरात थंडी असते म्हणे, ऑगस्टमध्येसुद्धा. मारियामातेच्या डोंगरात नाही वाटतं उन्हाळा.

बुधवार, ९ मे

आज सकाळी वहिनी मला म्हणाली, "तिथे पाण्यात उतरायच्या आधी काय मागायचं ते मनात एकदाच म्हणायचं, फादर सांगत होते. तू काय मागशील?" मी म्हटलं, विचार करते. ऑफिसात दोन फोन चुकीचे जोडले. साहेबांना भलत्याच बाईशी बोलावं लागलं. ते तर खुशीत दिसले.

दादाला इशाऱ्याने विचारलं, सांगितलंस का. नाही म्हणून मान हलवली. मी महिना दिला होता खरा. पण रोज ती स्वेटरचे टाके मोजते आणि मला बघवत नाही. शुक्रवारी मीच सांगणार. माझं तोंड वाईट आहे हे सगळ्यांना माहीत आहे, एकदा तरी कामाला येऊ दे.

शुक्रवार, ११ मे

दादा खाली डॅटसन धूत होता. मी वहिनीसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, वहिनी, दादाबद्दल एक सांगायचंय. एकोणऐंशी साली तो —

"माहीत आहे," ती म्हणाली. विणणं थांबवलं नाही. "हूऱ्यातल्या त्या डॉक्टरकडे लॅब कुठे होती! नमुने सगळे आमच्या हॉस्पिटलमध्येच यायचे. नाव वाचलं मी. रिपोर्टही वाचला."

"पाच वर्षं तुला माहीत आहे?"

"मला माहीत आहे हे त्याला कळलं असतं, तर तो घरात नीट जेवला नसता."

"मग लूर्दला तू कशाला —"

"मी कशाला? माझं काय बिघडलंय? त्याला पाण्यात उतरवायचंय. स्वतःसाठी जन्मात नाही उतरणार तो. मोटार असली तर बाहेरच थांबेल. ट्रेनमधून सगळ्यांना रांगेने नेतात." मग माझ्याकडे बघितलं. "तुझ्यापाशीही अर्धंच बोलले. त्याला मात्र काही कळू देऊ नकोस."

मी खाली गेले. दादाला म्हटलं, वहिनीला काही सांगू नकोस. चुकलं माझं. ट्रेननेच जाऊ. फक्त एक कर — मला त्या पाण्याची भीती वाटते. पुरुषांच्या बाजूने तू उतरलास तरच मी बायकांच्या बाजूने उतरेन.

त्याने हातातलं फडकं पिळलं. "एवढंच ना? तुझ्या पायासाठी उतरेन की."